रॉटवायलर पाळलाय? लोकांची भीती वाद घालून जात नाही, मग काय करायचं

घरात रॉटवायलर, पिटबुल, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यातलं काहीही असेल तर पहिल्याच आठवड्यात कळतं की तुमच्या कुत्र्याला भेटायच्या आधीच लोकांचं त्याच्याबद्दल मत ठरलेलं असतं. शेजारचा पॉमेरियन अख्ख्या मजल्यावर भुंकत फिरतो, एखाद्याची पँट धरतो, तर सगळे हसतात, कित्ती शूर आहे बघा म्हणून. आणि तुमचा रॉटी, म्हणजे रॉटवायलर, पार्किंगमध्ये नुसता उभा राहिला तरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो. अन्याय आहेच हा, पण तो भांडून, लेख फॉरवर्ड करून किंवा "आमचा काही करत नाही हो" असं म्हणून मिटत नाही. घाबरणाऱ्या माणसाला रोज डोळ्यांनी दिसलं पाहिजे की या कुत्र्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, कंट्रोल आहे, आणि आपल्या भीतीची इथे कुणीतरी कदर करतंय. एवढं झालं की ब्रीडचं, म्हणजे कुत्र्याच्या जातीचं, नाव हळूहळू मागे पडतं. आमच्याकडे जाई आहे, रॉटवायलर, पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, त्यामुळे मी पुढे जे लिहितेय ते जास्त करून सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आहे. बंगला किंवा शेत असेल तर काही गोष्टी सोप्या होतात आणि काही जास्त अवघड.

आधी खरं काय ते स्वतः समजून घ्या

आपण मालक लोक दोन टोकांना जातो. एक तर "ब्रीड काही नसतं, सगळं संस्कारांवर असतं" नाहीतर "रॉटी म्हणजे रक्षकच, कुणाला जवळ येऊ देत नाही" असं अभिमानाने सांगायचं. दोन्ही अर्धवट आहे.

रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून आलं. तिथले खाटीक गुरं हाकायला, राखणीला आणि गाडे ओढायला ही कुत्री वापरायचे, पुढे १९१० मध्ये तिथे त्यांना पोलिसांचं कुत्रं म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे गुरांना रेटणं, अनोळखी माणसावर नजर ठेवणं, स्वतःचा निर्णय स्वतः घेणं हे त्यात आहे, ते नाकारून काही उपयोग नाही. पण २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून वागण्याची माहिती घेतली आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासला, आणि निघालं असं की एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडने समजावता येतो. बाकी मग वंशावळीतला स्वभाव, पिल्लूपण कसं गेलं, शिकवण, दुखणीखुपणी, रोज किती बांधून ठेवलं जातं, असं सगळं येतं.

हे वाचून लगेच तो आकडा सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपटायला जाऊ नका. कारण समोरच्याची भीती टक्केवारीची नाहीये, ती वजनाची आणि जबड्याची आहे, आणि तिथे तो बरोबर आहे. नर रॉटी आरामात ५० किलोचा असतो. पॉमेरियनची चूक म्हणजे ओरखडा, रॉटीची चूक म्हणजे टाके किंवा त्याहून वाईट. जुलै २०२२ मध्ये लखनौला पिटबुलने स्वतःच्याच घरातल्या ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला. मे २०२४ मध्ये चेन्नईच्या एका बागेत दोन मोकळ्या रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. ज्यांनी या बातम्या पाहिल्यात ते तुमच्या कुत्र्याला बघून मागे सरकले तर त्यांना अडाणी म्हणू नका. ताकदवान कुत्रं पाळणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे हे आपण आधी मोठ्या मनाने मान्य केलं की पुढचं बोलणं शक्य होतं.

कायद्याचं थोडक्यात

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं, रॉटवायलर, पिटबुल धरून २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, ब्रीडिंग, विक्री थांबवा आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांची नसबंदी करा म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं होतं हा मुख्य मुद्दा. बंदी हा जगात सगळीकडे टिकलेला उपाय आहे असंही नाही, नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी १५ एक वर्षांनी मागे घेतली, ब्रिटनने मात्र १९९१ चा कायदा ठेवलाय आणि अलीकडे त्यात एक्सएल बुली या दांडग्या कुत्र्याची भर घातलीय. आपल्याकडे काही शहरांच्या महापालिकांनी स्वतःचे नियम केलेत, गाझियाबादने २०२२ मध्येच काही ब्रीड्सवर बंदी घातली होती, त्यामुळे बदली होऊन दुसरीकडे जाणार असाल तर आधी तिथली चौकशी करा.

सोसायटीबद्दल भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत. सोसायटी ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, ब्रीड किंवा साइज बघूनसुद्धा नाही, आणि मझलची, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर घालायच्या मुसक्याची, सक्ती करू शकत नाही. हे माहीत असू द्या, प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा. पण पहिल्या संभाषणात तो कागद बाहेर काढला की समोरचा माणूस कायमचा विरोधी पक्षात गेलाच म्हणून समजा. आणि याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला आणि माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यात ब्रीड कुठली ते कुणी विचारत नाही, तुम्ही काय काळजी घेतलीत ते विचारतात.

लिफ्ट, जिना, पार्किंग

मत बनतं ते इथे. बागेत तुमचा कुत्रा कितीही गुणी वागू दे, ते बघायला कुणी नसतं, लोकांना तो भेटतो तो लिफ्टचं दार उघडल्यावर अचानक, दोन फुटांवर. म्हणून सगळ्यात आधी लिफ्ट शिकवा. लिफ्टमध्ये शिरलं की कुत्रा मागच्या कोपऱ्यात भिंतीला लागून, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये, लीश (पट्ट्याला लावायची दोरी) हातात आखूड पण ताणलेली नाही, आणि कुत्रा बसलेला. जाईला आम्ही हे असं शिकवलं की लिफ्टचं दार वाजलं की तोंड माझ्याकडे, कारण तेव्हा माझ्या हातात पनीरचा तुकडा असायचा. आता पनीर नसलं तरी मान वळतेच. समोरच्या माणसाला दिसतं काय, तर कुत्रा आपल्याकडे टक लावून बघत नाहीये, मालकिणीकडे बघतोय. निम्मी भीती तिथे जाते.

मध्येच कुणी लिफ्ट थांबवली तर दार उघडताच तुम्हीच बोला, "काकू, कुत्रं आहे सोबत, चालेल ना? नाहीतर तुम्ही जा, आम्ही उतरतो." आणि खरंच उतरा. तोंड वाकडं करून नाही, घाई असताना सुद्धा. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू कित्येक महिने "तुम्ही जा" म्हणायच्या, लहानपणी कुत्रा चावलेला, पोटात इंजेक्शनं घेतलेली, त्या पिढीला ते लक्षात आहे. आम्ही दर वेळी उतरायचो. मग एक दिवस त्या म्हणाल्या राहू दे गं, येते मी, आणि दाराला चिकटून उभ्या राहिल्या, आणि जाईकडे अजिबात बघितलं नाही. तेवढंच. त्यांनी हात लावावा, लाड करावेत अशी अपेक्षाच ठेवायची नाही, त्यांना लिफ्टमध्ये निवांत जाता यावं एवढं पुरे आहे. घाबरणाऱ्या माणसाला "हात लावून बघा ना, काही नाही करत" असा आग्रह करणारे मालक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात माणूसही अवघडतो आणि कुत्रंही.

लीश चार ते सहा फुटांची, मजबूत, साधी. ती बटण दाबून लांब होणारी दोरी मोठ्या कुत्र्याला नकोच, ऐन वेळेला हातात काही राहत नाही. ओढत असेल तर छातीपाशी हुक असलेला हार्नेस वापरा. काटेरी पट्टा किंवा जाड साखळी घातली की कुत्र्याला दुखतं, ते दुखणं तो समोर दिसणाऱ्या माणसाशी किंवा कुत्र्याशी जोडतो, आणि शिवाय बघणाऱ्याला वाटतं एवढी साखळी लागते म्हणजे केवढा डेंजर असेल. दिसण्याचा परिणाम होतो, तो आपल्या बाजूने वापरा. रंगीत पट्टा, गळ्यात स्कार्फ. नाव पण जरा विचार करून ठेवा, किलर, शैतान, गब्बर असली नावं ठेवून मग लोक घाबरतात म्हणून तक्रार करू नका. "जाई, इकडे ये" अशी हाक पार्किंगमध्ये ऐकली की वॉचमन काकासुद्धा हसतात. आणि गेटवर "कुत्र्यापासून सावधान" ऐवजी "कुत्रा मोकळा असू शकतो, आधी बेल वाजवा" अशी पाटी लावा, कुरिअरवाल्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

शी उचलायची पिशवी दिसेल अशी लीशला बांधा आणि दर वेळी उचला. सोसायटीतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ ब्रीडमध्ये नसतं, इथे असतं.

आणखी एक, फिरवणारा माणूस. घरातल्या ज्या माणसाला कुत्रा धरवत नाही त्याने त्याला बाहेर नेऊ नये. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात रॉटीची लीश देऊन फोटो काढायचा मोह होतो, करू नका. डॉग वॉकर ठेवला असेल तर त्यालाही लिफ्टची, जिन्याची पद्धत शिकवा, नाहीतर तुम्ही कमावलेलं तो एका सकाळी घालवेल.

मझल, आणि ती घालायला कशी शिकवायची

मझल म्हटलं की मालक चिडतात, माझा कुत्रा चावरा आहे का म्हणून. सोसायटी सक्ती करू शकत नाही हे वर लिहिलंच आहे. तरीही मी म्हणेन की प्रत्येक मोठ्या कुत्र्याला मझल शिकवून ठेवा, कारण व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, दुखऱ्या पायाला हात लावताना, गर्दीत, ट्रेनने नेताना, सोसायटीतल्या पहिल्या काही महिन्यांत तिचा उपयोग होतो.

मझल जाळीची घ्या, बास्केट म्हणतात ती, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी किंवा नायलॉनची घट्ट मझल तोंड बंद करते, आणि कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रॉटीला तशी मझल घालून फिरवणं जिवावर बेतू शकतं.

पहिले काही दिवस मझल नुसती जेवणाच्या ताटलीजवळ ठेवा. मग आतल्या बाजूला घट्ट दही चोपडा आणि हातात धरून ठेवा, कुत्र्याने स्वतःहून तोंड आत घालून चाटायचं, तुम्ही मझल त्याच्या तोंडावर न्यायची नाही, इथेच सगळे घाई करतात. पट्टा लावायचा नाही अजून. तोंड आत घालून तो निवांत चाटायला लागला, मझल बघून शेपूट हलवायला लागला, की मानेमागे पट्टा नुसता टेकवा आणि काढा. मग क्षणभर बकल लावा, जाळीतून चिकनचा तुकडा द्या, काढा. वेळ हळूहळू वाढवा, घरातच फिरवा, मग जिन्यात, मग बाहेर. पंजाने ओढायला लागला म्हणजे तुम्ही घाई केली, एक पायरी मागे या. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विष आहे. दोनतीन आठवडे लागतात, पण एकदा शिकलं की मझल दिसली म्हणजे फिरायला जायचं एवढंच त्याला कळतं.

पिल्लू असेल तर आत्ताच, मोठं असेल तरी उशीर नाही

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग कसं आहे ते ठरवतं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडून विकणं नियमात बसत नाही, तरीही महिन्याभराचं पिल्लू हातात देणारे विक्रेते भरपूर आहेत, त्यांच्याकडून घेऊ नका, आणि पिल्लाची आई बघायला दिली नाही तर तिथून उठा. लसी पूर्ण व्हायच्या आधी पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही हे खरं, पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहता येतं. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री, रेनकोट, काठी टेकत जाणारे आजोबा, नऊवारी, बुरखा, घंटागाडीचं गाणं, कुकरची शिट्टी, शाळेतून आरडाओरडा करत येणारी पोरं. सगळं लांबून, आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी चांगलं. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हेच करायचं, फक्त अंतर जास्त ठेवायचं आणि महिने मोजायचे, दिवस नाही. मारून, उलटं पाडून "बॉस कोण" ते दाखवणारा ट्रेनर मिळाला तर पैसे बुडाले तरी चालतील, सोडून द्या त्याला.

गुरगुरण्यावर ओरडू नका, यावर मी अडून बसते. गुरगुरणं ही सूचना आहे. सूचना दिल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना देत नाही, आणि मग लोक म्हणतात "अचानक चावला". त्याच्याही आधी खुणा असतात: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग एकदम ताठ होऊन थांबणं. हे दिसलं की समोरच्या माणसाला सांगायचं, "आत्ता नको, ती दमलीय" आणि कुत्र्याला घेऊन निघायचं. आणि नेहमी शांत असलेला कुत्रा चिडका झाला तर आधी व्हेटकडे, रॉटीला कंबरेच्या सांध्याचा त्रास असतो, कान दुखत असतात, थायरॉइड असतो, दुखण्याला आपण स्वभाव समजून बसतो.

लहान मुलं आणि कुत्रं एका खोलीत असतील तर मोठं माणूस तिथेच हवं, फोनमध्ये डोकं घालून नाही. हे लॅब्रेडॉरलाही लागू आहे, "लॅब म्हणजे गरीब" या समजुतीवर त्याचे कान ओढू दिले जातात. सोसायटीतल्या मुलांना एकदा खाली जमवा, कुत्र्याला घरीच ठेवून, आणि शिकवा की कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, आणि विचारल्याशिवाय कुठल्याच कुत्र्याला हात लावायचा नाही. आईवडिलांना हे फार आवडतं, कारण उपयोग त्यांच्या मुलांना होतो.

गल्लीतली कुत्री आणि सणवार

आपल्याकडे लीशवरच्या कुत्र्याला गल्लीतली कुत्री घेरतात, आणि काही झालं तर दोष रॉटीचाच. वेळ बदला, रस्ता बदला, त्यांना खाऊ घालणाऱ्या ताईंशी ओळख करून घ्या, त्यांच्या हाकेला ती थांबतात. समोर आलीच तर लीश गच्च ओढून उभं राहू नका, सैल ठेवून हळू वळा आणि चालत राहा.

गणपतीत ढोल-ताशाच्या रस्त्यावर, दहीहंडीला, होळीला कुत्र्याला बाहेर नेऊच नका. दिवाळीत सूर्य मावळायच्या आत फिरवून आणा, खिडक्या बंद, पंखा-टीव्ही चालू, आणि दार उघडताना तो सटकणार नाही असं कुणीतरी धरून. फटाक्याने बिथरून पळालेला रॉटी रस्त्यावर दिसला तर त्याला कुणी बिथरलेला म्हणत नाही. पाहुण्यांच्या गर्दीतही त्याला वेगळ्या खोलीत निवांत ठेवा, सत्यनारायणाला आलेल्या प्रत्येकाला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही.

सोसायटीच्या मीटिंगला जाताना

विषय निघायच्या आधीच सेक्रेटरींना जाऊन भेटा. फाइलमध्ये महापालिकेचं लायसन्स, रेबीजच्या दरवर्षीच्या लसीची नोंद, नसबंदीचं सर्टिफिकेट, ट्रेनिंग केलं असेल तर त्याचा कागद, आणि काही कंपन्यांच्या पेट इन्शुरन्समध्ये तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याचं कव्हर मिळतं, ते घेतलं असेल तर ती पॉलिसी. मग स्वतःच विचारा, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं, सकाळी सातला स्कूल बसच्या वेळी कुत्रं गेटवर असतं, किंवा रात्री भुंकल्याने बाळ उठतं. सात ऐवजी सव्वासहाला न्या, झालं. जे मान्य केलं ते लिहून द्या आणि पाळा. कुणी खोटंनाटं लिहिलं ग्रुपवर तर तिथे वाद घालू नका, घरी जाऊन भेटा, आणि जमलं नाही तर मग ते प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांचं पत्र रीतसर द्या.

आणि मी मालकांनाही हक्काने सांगते, कुत्र्याला कुणावर तरी सोडून भुंकवायचे रील बनवू नका. दिवसभर गच्चीवर साखळीला बांधून रात्री राखणीला सोडलेलं कुत्रं आणि हे असले व्हिडिओ, यांनी जेवढं नाव घालवलंय तेवढं कुठल्याही बातमीने घालवलं नसेल.

चुकून चावलाच तर

कुत्र्याला ताबडतोब खोलीत बंद करा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही. तुमच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी त्या माणसाला घेऊन स्वतः डॉक्टरकडे जा, इंजेक्शनांचं काय ते डॉक्टर ठरवतील, खर्च तुम्ही करा. लसीचं कार्ड दाखवा. पुढचे दहा दिवस कुत्र्याला घरात वेगळं ठेवून व्हेटच्या नजरेखाली ठेवा, आणि कशामुळे झालं ते व्हेट आणि वागणूक समजणाऱ्या ट्रेनरकडून नीट शोधून घ्या. "त्याने डिवचलं असेल" हे वाक्य त्या दिवशी घरातल्या कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. तोपर्यंत बाहेर जाताना मझल. आणि त्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, विचारपूस करा, पुढे काय काय बदल केलेत ते त्यांना सांगा.